असीरगडच्या वाटेवरील ग्राहक

असीरगडाला ‘दक्षिणेचे द्वार’ म्हणत असत. उत्तरेकडून बऱ्हाणपूरला उतरणारा सातपुड्यातील मार्ग या किल्ल्याच्या नजरेखालून जातो. 1601 मध्ये अकबराने हा किल्ला घेतला. सतराव्या शतकात बऱ्हाणपूरचे कापड इराण-तुर्कस्तानापर्यंत जात होते; परंतु त्या बाजारात फसलेल्या परमुलुखी गिऱ्हाइकाने नंतर दाद मागावी तरी कोठे?

हा प्रश्न मला आमच्या सहलीत पडला. बऱ्हाणपुरात ठरविलेल्या गाडीवाल्याने आम्हाला किल्ल्याच्या वाटेवर न नेता हमरस्त्यावरच उतरविले, आणि वर जादा भाडे मागितले. “सर, परक्या गावात वाद नको,” विद्यार्थी म्हणाले. मी ठरलेल्या भाड्याची पावती मागितली. थोडी कुरकुर झाली. पण जादा मागणी तेथेच थांबली. गाडीवाल्याचे पोट त्या गाडीवर आहे हे मान्य. मात्र विद्यार्थ्यांची वर्गणीही काही आकाशातून पडत नाही!

‘परक्या गावात’ या शब्दांचा धाक आता कायद्याने पुष्कळ कमी केला आहे. 1974 मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले. 1986 मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्या कायद्याखाली तक्रार साधारणतः विक्रेत्याच्या गावी किंवा जेथे प्रकार घडला तेथे करावी लागे. बेळगावच्या विद्यार्थ्याने शे-दोनशे रुपयांसाठी बऱ्हाणपूरला खेटे कसे घालावेत? 2019 चा नवा कायदा जुलै 2020 मध्ये अंमलात आला. त्यानुसार ग्राहक स्वतः राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. अट एवढीच, की सेवा फुकट घेतलेली नसावी.

दक्षिण आफ्रिकेच्या 2008 च्या कायद्यात तर दर्जेदार सेवा मागणे हा ग्राहकाचा हक्कच सांगितला आहे. सेवा सदोष असेल तर ती नीट करून द्यावी, नाहीतर रकमेचा वाजवी भाग परत करावा, असे तो सांगतो.

आपल्याकडे खरी अडचण पुराव्याची. म्हणून सहलीला निघताना गाडी कोठपर्यंत जाणार, किती थांबणार, भाडे किती, हे कागदावर लिहून घ्यावे. सल्ल्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.