भाड्याच्या घराची फरशी : टिकाऊपणाचा हिशेब

आपल्या व्यापारी बंधूंपैकी अनेकांनी बेळगावात घर बांधून दोन-चार बिऱ्हाडांना भाड्याने दिलेले आहे. अशा घरासाठी फरशी निवडताना बहुधा एकच प्रश्न विचारला जातो : चौरस फुटाला दर काय? आमच्या मते हा प्रश्न अपुरा आहे. समजा, एक फरशी ६० रुपयांची असून ६ वर्षांत बदलावी लागते. दुसरी १२० रुपयांची असून ३० वर्षे टिकते. म्हणजे पहिलीचा वार्षिक खर्च १० रुपये, तर दुसरीचा ४. शिवाय दुरुस्तीच्या काळात घर रिकामे राहून भाडे बुडते, ते वेगळेच.

कलबुरगी जिल्ह्यातील शहाबादी आणि राजस्थानातील कोटा हे दोन्ही चुनखडीचे दगड होत. त्यांची झिलई गेली तरी जागेवरच घासून पुन्हा आणता येते, हा त्यांचा मोठा गुण. परंतु आम्ल हे त्यांचे वैरी. न्हाणीघर धुण्याचे ॲसिड, लिंबू, चिंच यांनी त्यांची झिलई जाते. संगमरवराचेही तसेच, म्हणून भाड्याच्या स्वयंपाकघरात तो घालू नये. व्हिट्रिफाइड लादी अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते, त्यामुळे डाग सहसा मुरत नाहीत. मात्र तिचा टवका उडाल्यास तो घासून निघत नाही, आणि काही वर्षांनी तीच छटा बाजारात मिळेलच असे नाही.

हे आम्ही नुकसान सोसून शिकलो. २०१४ साली आम्ही एका घरात चकचकीत लाद्या बसविल्या. पाच वर्षांनी भाडेकऱ्यांनी घर सोडले, तेव्हा दोन लाद्या फुटलेल्या दिसल्या. त्यांचा खर्च आम्ही अनामत रकमेतून कापला. पुढे गवंड्याने त्या लाद्या उचलल्या, तो खाली फक्त चार कोपऱ्यांना व मध्ये सिमेंटचे गोळे. बाकी सारे पोकळ! चूक आमच्या देखरेखीची होती आणि ती आम्ही दुसऱ्याच्या नावे मांडली होती. कापलेली रक्कम आम्ही त्यांच्या घरी जाऊन, क्षमा मागून परत केली.

तेव्हापासून आम्ही काही नियम पाळतो. जोत्यातील भराव थराथराने पाणी मारून धुमसावा. लादीखाली माल सर्वत्र भरावा आणि तो सुकल्यावर काठीने ठोकून पाहावे. पोकळ आवाज आल्यास लादी पुन्हा बसवावी. न्हाणीघरात खरखरीत फरशी घालून मोरीकडे दर मीटरला दीड ते दोन सेंटिमीटर ढाळ द्यावा. त्याच छटेची एक पेटी बिलासह जपून ठेवावी. घर देताना व परत घेताना भाडेकऱ्यांसमवेत फरशी पाहून नोंद करावी आणि उभयतांनी सह्या कराव्यात.

फरशी वरून दिसते, परंतु टिकते ती खालच्या भरावावर. घरमालकाच्या व्यवहाराचेही तसेच आहे.