सेवा करणाऱ्यांची विचारपूस

सेवेचा विषय निघाला की आपले लक्ष ज्याची सेवा करायची त्याच्याकडे जाते. दिव्यांग मुलासाठी आपण खाऊ नेतो, सणाला भेटायला जातो. त्या घरात चोवीस तास राबणारी व्यक्ती, बहुतेक वेळा आईच, आपल्याला चहा देऊन आत निघून जाते. या पाठात तिचा विचार करूया.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात सुमारे २.६८ कोटी दिव्यांग व्यक्ती आहेत. त्यांपैकी पुष्कळजण स्वतःचे आयुष्य स्वतः सांभाळतात. आपला विषय आहे तो ज्यांना रोज दुसऱ्याच्या हातांचा आधार लागतो, त्यांच्या घरांचा.

सेरेब्रल पाल्सी असलेले चार वर्षांचे मूल कडेवर घेता येते. ते वीस वर्षांचे होते तेव्हा आई पन्नाशीला आलेली असते, आणि उचलणे मात्र तसेच चालू असते. आंघोळ, संडास, घास भरवणे. स्वतः हलता न येणाऱ्याची साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला, कमरेला जखमा होतात. म्हणजे रात्रीची झोपही सलग नाही. आईची पाठ दुखते, पण स्वतःच्या डॉक्टरकडे जायचे तर मुलाजवळ कोण बसणार? लग्नकार्याला जाणे थांबते. काही वर्षांनी आमंत्रणेही थांबतात.

अशा वेळी आपण म्हणतो, ‘ताई, तुमची तपश्चर्या मोठी आहे.’ बोलणारा मनापासून बोलतो, पण त्यानंतर ‘मी दमले’ असे म्हणायची तिला सोय उरत नाही. ‘प्रारब्ध’ हा शब्द तर त्या घरात उच्चारूच नये, असे मला वाटते.

सर्वांत जड प्रश्न असतो तो ‘माझ्यानंतर याचे कोण?’ हा. त्यावर धीराच्या शब्दांपेक्षा माहिती अधिक उपयोगी पडते. मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याने ते सज्ञान होते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुविकलांगता असल्यास १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. याच न्यासाची ‘निरामय’ ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे. (मी कॉमर्सचा विद्यार्थी, त्यामुळे अशा गोष्टींकडे माझे लक्ष आधी जाते. पण अर्ज भरून देणे हीसुद्धा सेवाच आहे.) २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मोबदला न घेता काळजी घेणाऱ्या आईवडिलांनाही ‘काळजीवाहक’ मानले आहे.

शेजाऱ्यांनी हा भार वाटून घेतल्याचे उदाहरण केरळात आहे. मलप्पुरम जिल्ह्यात साध्या नागरिकांनी प्रशिक्षण घेऊन अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी नियमित जाण्याची पद्धत रुजवली. २००८ मध्ये त्या राज्याने याविषयीचे धोरणच आखले. ‘आश्वासकिरणम’ या तिथल्या योजनेत काळजी घेणाऱ्याला दरमहा मदत मिळते. रक्कम लहान आहे, पण ती काळजी घेणाऱ्यासाठी आहे.

आपल्यालाही हे जमेल, मात्र घाई नको. पहिल्या काही भेटींत आईच्या शेजारी बसून शिकावे: तो ‘हो’ कसे सांगतो, कोणत्या आवाजाला घाबरतो, भरवताना त्याला किती ताठ बसवायचे. अंगाला हात लावण्याआधी त्यालाच विचारावे. उचलायला दोघे असावेत. फोटो काढू नयेत. पहिल्या महिन्यातला उत्साह दुसऱ्या महिन्यात ओसरतो, म्हणून एका घरासाठी तिघांनी वार वाटून घ्यावेत. एकाची परीक्षा असली तर दुसरा जाईल. ‘येतो’ म्हणून न जाणे हे मुळीच न जाण्यापेक्षा वाईट, कारण त्या दोन तासांच्या भरवशावर तिने दवाखान्याची वेळ घेतलेली असते.

पुढच्या बैठकीपूर्वी आपल्या परिसरातील अशा एका घरी जाऊन विचारावे, ‘आठवड्यातले कोणते दोन तास तुम्हाला स्वतःसाठी हवेत?’ उत्तर लगेच मिळेलच असे नाही. पुष्कळ जणींना हा प्रश्न आजवर कोणी विचारलेलाच नसतो.