तेल दिसतं खाली, गळतं वरून

जुन्या डिझेल ट्रकखाली काळ्या तेलाचा डाग दिसला आणि तो इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडाखाली असला, की गॅरेजमधलं निदान जवळपास ठरलेलं असतं. ‘मागचं ऑइल सील गेलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल.’ कधी कधी ते खरंही असतं. पण इंजिन धुऊन, पुसून, वरपासून तपासल्याशिवाय गिअरबॉक्सला हात लावू देऊ नका, असं मी वडोदऱ्यातल्या माझ्यासारख्या प्रत्येक छोट्या गाडीमालकाला कळकळीने सांगतो.

माझी गाडी टाटाची, सिक्स बीटी कमिन्स इंजिनाची. हे ५.९ लिटरचं, सहा सिलिंडरचं इंजिन. टाटा आणि कमिन्स यांनी १९९३ मध्ये जमशेदपूरला मिळून कंपनी काढली आणि आपल्याकडच्या ट्रकांत ते रुळलं. दणकट इंजिन आहे, माझा त्याच्यावर आजही भरवसा आहे. मकरपुरा जीआयडीसीतून ट्रान्सफॉर्मरचे भाग घेऊन गाडी भिवंडी, नाशिककडे जाते. पावसाळ्याच्या तोंडावर बेल हाउसिंगखालून थेंब पडू लागले. हायवेवरच्या एका गॅरेजने गिअरबॉक्स उतरवला, क्लच आणि फ्लायव्हील काढलं, सील बदललं. मजुरी गेली, गाडी उभी राहिल्याने भाडंही गेलं. भिवंडीची खेप करून गाडी परत आली, तेव्हा थेंब त्याच जागी पडत होता.

मग गाडी एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. खाली शिरायला गालिचा अंथरत होतो, तर त्यांनी थांबवलं. “भाई, पहेला उपर जुओ,” म्हणाले आणि बॅटरी नि हातभर काडीला बांधलेला छोटा आरसा घेऊन बॉनेटपाशी गेले. फ्यूएल पंपाच्या मागे, ब्लॉकच्या कुशीत, पुशरॉडच्या बाजूचं एक लांबट साइड कव्हर असतं. पंपाच्या आडोशामुळे ते सहसा कोणाच्या नजरेला पडत नाही. मिस्त्रींनी तारेला चिंधी गुंडाळून कव्हरच्या खालच्या कडेवरून फिरवली. चिंधी काळीशार होऊन आली. तिथून तेलाची एक चकचकीत, ओली वाट ब्लॉकच्या कडेकडेने मागे गेलेली आरशात स्पष्ट दिसली. ती थेट बेल हाउसिंगवर उतरत होती.

त्यांनी तेवढ्यावर पॅकिंग मागवलं नाही. इंजिन चालू करून ऑइल भरायचं झाकण उघडलं आणि ते तोंडावर उलटं ठेवलं. झाकण थडथडलं आणि उडून बाजूला पडलं. मग ब्रीदरचा पाइप सोडला. त्याच्या टोकाशी चिखल आणि जळक्या तेलाची घट्ट गुठळी बसली होती, स्क्रू ड्रायव्हरने खरवडून काढावी लागली. पाइप साफ करून पुन्हा तेच झाकण ठेवलं, तर ते जागेवर नुसतं हलत राहिलं.

सगळं कारण या पाइपात होतं. डिझेल इंजिनात थोडा गॅस रिंगांच्या कडेने खाली, क्रँककेसमध्ये उतरतोच. त्याला बाहेर पडायला ब्रीदर दिलेला असतो. ती वाट बुजली, की आत दाब साठतो आणि सगळ्यात कमजोर पॅकिंगमधून किंवा सीलमधून तेल बाहेर ढकलतो. अशा वेळी हजारो रुपयांची सीलं घातली, तरी दाब दुसरी जागा शोधतो. म्हणून तेलगळतीच्या कुठल्याही तक्रारीत मी आधी ब्रीदर बघायला सांगतो. खर्च शून्य आहे. ब्रीदर मोकळा असूनही झाकण उडत असेल आणि पाइपातून सतत धूर येत असेल, तर मात्र ज्याला मिस्त्री लोक बॅक कॉम्प्रेशन म्हणतात ते वाढलं आहे, म्हणजे रिंगा-लायनर झिजले आहेत. तिथे पॅकिंग बदलून काही साधत नाही. इंजिनाच्या कामाचाच विचार करावा लागतो.

आता शोधायचं कसं? इंजिन थंड असताना धुवा. तापलेल्या ब्लॉकवर गार पाणी मारू नका. अल्टरनेटर आणि स्टार्टर प्लास्टिकने झाका. नीट कोरडं झालं, की संशयाच्या जागी खडूची पूड किंवा टाल्कम पावडर शिंपडा. इंजिन थोडा वेळ आयडलवर चालवून बघा, मग भरल्या गाडीची एक फेरी मारून पुन्हा बघा. पंख्याचा वारा आणि रस्त्याचा वारा तेल मागे नेतात, वजनाने ते खाली येतं. त्यामुळे सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा ही मूळ जागा समजायची. नवं तेल चमकतं, जुन्यावर धुळीची खपली चढलेली असते.

गळणारं नक्की इंजिन ऑइलच आहे का, हेही बघा. डिझेल पातळ असतं, बोटावर त्याचा वास ओळखू येतो. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र दर्प असतो. बेल हाउसिंगमधून असा दर्प आला, तर तेल गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलमधून येतं आहे.

मागचं सील खरोखर गेलं असेल, तर इन्स्पेक्शन कव्हर काढल्यावर फ्लायव्हीलच्या मागून तेल ओघळताना दिसतं. कॅमशाफ्टच्या मागच्या टोकाचं पत्र्याचं बूचही तिथेच असतं. गिअरबॉक्स उतरवलाच आहे, तर तेही तपासून घ्या. सीलच्या ओठाला तेल लावून बसवायची सवय अनेकांना असते. सिक्स बीटीच्या टेफ्लॉन सीलला ते चालत नाही. सील आणि क्रँकची बसकी दोन्ही स्वच्छ आणि कोरडी हवीत. क्रँकवर जुन्या सीलने चर पाडलेला असेल, तर नवं सील त्याच चरावर बसवू नका. एक तर त्यावर बारीक स्लीव्ह चढवा, नाही तर सील किंचित पुढे-मागे बसवा.

पॅकिंगच्या बाबतीत घाई महागात पडते. पत्र्याचं कव्हर जोर लावून आवळलं, की ते बोल्टपाशी वाकतं, पॅकिंग चिरडतं आणि दोन बोल्टांच्या मधून तेल येऊ लागतं. सिलिकॉनचा जाड थर हा तर दुसरा घातक उपाय. आतल्या बाजूला आलेली त्याची सुकलेली शेपटी तुटून ऑइल पंपाच्या जाळीवर बसली, तर प्रेशर पडतं आणि बेअरिंगं जातात. पृष्ठभाग खरवडून साफ करा, सपाट आहे का ते पट्टीने बघा, मग टॉर्क पान्ह्याने आवळा.

जुन्या इंजिनावर थोडा पाझर असतोच. गाडीखाली पुठ्ठा ठेवला आणि रात्रीत त्यावर डाग पडत नसेल, डिपस्टिकवरची पातळी टिकत असेल, तर नुसत्या ओलसर कव्हरसाठी इंजिन उघडू नका. पण तेल टर्बोवर किंवा एक्झॉस्टवर पडत असेल, तर गाडी पुढे नेऊ नका, आग लागते. क्लच प्लेटला लागत असेल, तर कसाऱ्याचा चढ भरल्या गाडीला जड जातो, क्लच सटकतो. रेडिएटरच्या पंखांवर तेल बसलं, की धूळ चिकटते आणि इंजिन तापतं.

वडोदऱ्याचं आणखी एक. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीच्या पुरात अनेक गाड्या बुडाल्या. अशी गाडी सेल्फ मारून बघण्याआधी डिपस्टिक बघा. तेल दुधाळ दिसत असेल, तर इंजिन चालू न करता तेल आणि फिल्टर दोन्ही बदला. गाळ सीलच्या ओठात शिरला, की महिन्यांनी तिथून तेल येऊ लागतं.

शेवटी फिल्टर. ऑइल बदलताना जुन्या फिल्टरचं रबर कधी कधी हाउसिंगला चिकटून राहतं आणि त्याच्यावरच नवा फिल्टर बसवला जातो. उभ्या गाडीत काहीच कळत नाही. रस्त्यावर प्रेशर आलं, की दोन रबरांच्या मधून तेलाची धार सुटते आणि काही मिनिटांत चेंबर रिकामं होतं. नवा फिल्टर बसवण्याआधी हाउसिंगवर बोट फिरवून बघा, आणि इंजिन चालू झाल्यावर ड्रायव्हरला केबिनमधून खाली बोलावून तो जोड त्यालाही दाखवा. गेजचा काटा एकदम पडला, तर खेपेचा विचार न करता इंजिन तिथेच बंद करायचं, हे त्याला त्याच वेळी सांगून ठेवा.