रेडिएशन सुरू होण्याआधी: मूल होण्याची शक्यता राखायची असेल तर

धाराशिव जिल्ह्यातल्या एखाद्या तरुण मुलीला कॅन्सरचं निदान झालं की घर हादरतं. बार्शीला न्यायचं, सोलापूरला, की थेट मुंबईला टाटाला, यावर रात्र जाते. पैसा कुठून उभा करायचा, सोबत कोण राहणार, हेही ठरतं. तिला पुढे मूल होईल का, हे मात्र कुणी विचारत नाही. मुलगी अविवाहित असली तर आईसुद्धा संकोचते. जीव वाचला म्हणजे झालं, असं सगळे म्हणतात. पण जीव वाचल्यावर तिला पुढे तीस-चाळीस वर्षं जगायचं असतं. रेडिएशनच्या पहिल्या दिवसाआधी हा प्रश्न विचारला तर बरंच करता येतं, नंतर हाती फार थोडं उरतं. म्हणून हे टप्पे याच क्रमानं घ्यावेत.

आधी रेडिएशन शरीराच्या कोणत्या भागावर पडणार ते समजून घ्या. डॉक्टरांना सरळ विचारा, "या रेडिएशनचा किती डोस माझ्या बीजांडकोशांपर्यंत आणि गर्भपिशवीपर्यंत जाणार?" डोस 'ग्रे' या एककात मोजतात. बीजांडकोश फार नाजूक असतात. 2 ग्रेपेक्षा कमी डोसातही त्यांतली निम्मी अपक्व स्त्रीबीजं नष्ट होतात. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला बाहेरून साधारण 45 ते 50 ग्रे, 25 च्या आसपास सिटिंगमध्ये देतात आणि वर आतून दिलं जाणारं रेडिएशन, म्हणजे ब्रॅकिथेरपी, असते. गुदाशयाच्या कॅन्सरमध्येही ओटीपोटावरच किरण पडतात. स्तनाच्या कॅन्सरचं रेडिएशन छातीवर असतं, बीजांडकोशापर्यंत त्यातलं अगदी थोडं पोहोचतं. तिथे खरी काळजी केमोची. मेंदूवर रेडिएशन असेल तर बीजांडकोश शाबूत राहतात, पण त्यांना चालना देणाऱ्या पिट्युटरी ग्रंथीला धक्का बसू शकतो. त्यावर पुढे इंजेक्शनांनी उपचार होतात.

मग आजाराची अवस्था विचारा, कारण पर्याय त्यावरच ठरतात. गर्भाशयमुखाची गाठ लहान, साधारण 2 सेंटिमीटरच्या आत असेल, तर निवडक रुग्णांमध्ये फक्त गर्भाशयमुख काढून पिशवी राखणारी शस्त्रक्रिया होऊ शकते आणि रेडिएशन टळू शकतं. इथे या जिल्ह्याबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. 1999 पासून धाराशिवच्या, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादच्या, खेड्यांमधल्या 30 ते 59 वयाच्या सुमारे 1 लाख 31 हजार बायकांनी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीच्या एका मोठ्या अभ्यासात भाग घेतला. टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांनी तो केला. एकदाच केलेल्या एचपीव्ही या विषाणूच्या चाचणीमुळे या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हे 2009 साली त्यातून जगापुढे आलं. आजार लवकर सापडला तर जीव वाचतो, आणि पुष्कळदा पिशवीही. ज्या जिल्ह्यातल्या बायकांनी हे दाखवून दिलं, तिथल्याच बायकांना तपासणीसाठी ताटकळावं लागू नये, असं मला मनापासून वाटतं.

आता वेळेचं गणित. बायोप्सीचा रिपोर्ट, एमआरआय, सरकारी आरोग्य योजनेची मंजुरी, प्लॅनिंगचा सीटी स्कॅन यांत काही दिवस जातातच. त्याच दिवसांत वंध्यत्वाच्या डॉक्टरांना भेटा; आधी एक आटोपू, मग दुसरं बघू, असं करू नका. केंद्र एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्याखाली नोंदलेलं आहे ना, हे पाहून घ्या. सोबत बायोप्सी, स्कॅन, रक्ताचे रिपोर्ट, आधार कार्ड आणि कॅन्सरच्या डॉक्टरांची चिठ्ठी न्या. उपचार किती दिवस थांबवले तर चालतील, हे त्या चिठ्ठीत लिहून घ्या. रक्तस्राव जोरात असेल किंवा आजार वेगानं वाढत असेल, तर डॉक्टर थांबू देणार नाहीत, आणि त्यांचं ऐकावं.

दोन आठवडे मिळाले तर स्त्रीबीजं गोठवता येतात. पाळीची वाट पाहायची गरज नसते, कोणत्याही दिवशी सुरुवात होते. दहा-बारा दिवस रोज इंजेक्शनं, अधूनमधून सोनोग्राफी, मग भूल देऊन सुईनं बीजं काढतात आणि उणे 196 अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतात. स्तनाचा हार्मोनवर वाढणारा कॅन्सर असेल तर सोबत लेट्रोझोलची गोळी देतात. गर्भाशयमुखावर गाठ असेल तर योनीमार्गातून सुई घालणं धोक्याचं ठरू शकतं. पोटातून काढता येतील का, ते विचारा. लग्न झालेलं असेल तर गर्भ तयार करूनही गोठवतात. माझं मत स्पष्ट आहे: विवाहितेनंही काही बीजं नुसती, स्वतःच्या नावानं ठेवावीत. गर्भावर दोघांचा हक्क असतो, आणि आजारपणात संसार मोडल्याची उदाहरणं आपल्याकडे कमी नाहीत.

पाळी सुरू न झालेल्या मुलीची बीजं अशी काढता येत नाहीत. तिच्यासाठी दुर्बिणीतून बीजांडकोशाचा तुकडा काढून गोठवतात. ही सोय मोजक्या ठिकाणी आहे, म्हणून मोठ्या कॅन्सर रुग्णालयातच चौकशी करा.

ओटीपोटावरच रेडिएशन असेल तर आणखी एक उपाय आहे: दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनं बीजांडकोश जागेवरून उचलून वर, किरणांच्या टप्प्याबाहेर, पोटाच्या बाजूला टाकायचे. खूण म्हणून धातूच्या क्लिपा लावतात, म्हणजे प्लॅनिंगच्या स्कॅनमध्ये ते दिसतात. ते पुन्हा खाली सरकू शकतात, त्यामुळे यानंतर रेडिएशन फार लांबवू नये. गाठ अॅडेनोकार्सिनोमा प्रकारची असेल तर बीजांडकोशात आजार पसरण्याची भीती जास्त असते, तेव्हा हा निर्णय जपून घ्यावा. चाळिशीनंतर याचा फायदा फारसा उरत नाही. आणि एक गैरसमज दूर करा: महिन्याला घेतलं जाणारं ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन बीजांडकोशांचं केमोपासून थोडंफार रक्षण करतं, रेडिएशनपासून करत नाही.

पिशवीबद्दल कटू असलं तरी खरं सांगते. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं पूर्ण रेडिएशन झालेली पिशवी गर्भ धरू शकत नाही. बीजांडकोश वाचले तर अकाली रजोनिवृत्ती टळते, स्वतःची बीजं राहतात, पण मूल दुसऱ्या बाईच्या पोटी वाढवावं लागतं. 2021 च्या सरोगसी कायद्यानं त्याचा मोबदला देता येत नाही. जोडपं विवाहित हवं, पत्नीचं वय 23 ते 50 हवं, आणि मूल पोटात वाढवणारी बाई 25 ते 35 वयाची, स्वतःचं मूल असलेली हवी. दत्तक घेण्याचा मार्ग तर आहेच, आणि तो कमी प्रतीचा नाही.

खर्चाचं आधीच बोला. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून कॅन्सरचे उपचार होतात, पण बीजं गोठवण्याचा खर्च त्यात धरून चालू नका. रुग्णालयातल्या समाजसेवकांना गाठा, देणगीदार ट्रस्टची माहिती त्यांच्याकडे असते. दरवर्षीचं साठवणुकीचं भाडंही विचारून ठेवा.

रेडिएशन चालू असताना गर्भ राहू देऊ नका. संपल्यावर पाळी आली म्हणून सगळं ठीक आहे असं धरू नका. बीजांडकोशात किती बीजं उरली याचा अंदाज देणारी एएमएचची रक्तचाचणी करून घ्या. पाळी कायमची थांबली असेल तर हाडं आणि हृदय यांच्यासाठी हार्मोनच्या गोळ्या चालतील का, हे कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा. गोठवलेल्या बीजांची पावती फाइलमध्ये जपून ठेवा, आणि लग्न होऊन गाव किंवा फोन नंबर बदलला तर केंद्राला लगेच कळवा. भाडं थकलं आणि केंद्राला तुमचा पत्ताच सापडला नाही, असं होऊ देऊ नका.