रोहित पक्ष्यांचा रंग



मानखुर्द-गोवंडीत वाढणाऱ्या मुलाला आपल्या वस्तीविषयी काय ऐकायला मिळते? देवनारचा कचरा, दुर्गंधी, दाटी. त्याच वस्तीला लागून असलेल्या ठाणे खाडीत दर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात आणि मे महिन्यापर्यंत राहतात, हे त्याला क्वचितच कोणी सांगते. फ्लेमिंगो म्हटले की तो ओळखेल. खाडीचा पश्चिम किनारा 2015 मध्ये या पक्ष्यांसाठी अभयारण्य घोषित झाला. 2022 मध्ये खाडीला रामसर यादीत स्थान मिळाले.

पक्षी पाहायला जाणे म्हणजे वेळेचा अपव्यय, असे आपल्यातील काही दीनदार मंडळींना वाटते. सूरह आलिइमरानच्या 190 व 191 क्रमांकाच्या आयती त्यांनी पुन्हा वाचाव्यात, अशी माझी नम्र विनंती आहे. उभे, बसलेले आणि पहुडलेले असताना अल्लाहचे स्मरण करणारे लोक आकाश व धरतीच्या निर्मितीवर चिंतनही करतात, असा तेथे उल्लेख आहे. ज्याच्याकडे पाहिलेच नाही, त्यावर चिंतन कसे करणार?

तेव्हा आधी नीट पाहू या. रोहित पक्षी मान खाली घालून चोच उलटी धरतो. जिभेने चिखलाचे पाणी आत घेतो व बाहेर टाकतो. चोचीच्या कडेच्या बारीक पट्ट्यांत शेवाळ व सूक्ष्म जीव अडकतात. तेच त्याचे अन्न. त्याचे पिल्लू गुलाबी नसते, करडे-पांढरे असते. अन्नातील रंगद्रव्ये वर्षानुवर्षे शरीरात मुरतात, तेव्हा पिसांवर गुलाबी छटा चढते. योग्य खाद्य मिळाले नाही तर ती छटा फिकी पडते.

रिज्क देहात उतरते आणि बाहेर दिसू लागते! हलाल कमाईवर घरात बोलताना मुलांना हे उदाहरण द्यावे. व्याजाचा, फसवणुकीचा घास पिसांवर दिसत नाही. पण दुआ कबूल होण्याच्या आड तो येतो, हे सहीह मुस्लिममधील प्रसिद्ध हदीसवरून आपणास ठाऊक आहे.

ह. उमर (रजि.) यांनी कथन केलेल्या हदीसमध्ये अल्लाहवर खरा भरवसा ठेवणाऱ्याला पक्ष्याची उपमा आहे: सकाळी उपाशी निघतो, सायंकाळी पोट भरून परततो. येथे ‘निघतो’ हा शब्द निसटू देऊ नये. खाडीतला रोहित तर भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाळतो. मध्यरात्री चिखल उघडा पडला तर मध्यरात्री चरतो. तवक्कुल म्हणजे घरट्यात बसून राहणे नव्हे.

वसंतात काठावरच्या झाडांकडेही पाहावे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पांगारा पाने झाडून लाल फुलांनी पेटतो व साळुंक्या, बुलबुल मधासाठी गर्दी करतात. भेंडाचे पिवळे फूल गळण्यापूर्वी तांबूस होत जाते.

मात्र पाहण्याबरोबर हक्कही येतो. सूरह अनआमच्या 38 व्या आयतीनुसार पक्षी हेही आपल्यासारखेच समुदाय आहेत. प्रवासात काही सहाबांनी एका पक्षिणीची दोन पिल्ले उचलली, ती व्याकूळ होऊन घिरट्या घालू लागली. पैगंबरांनी (स.) पिल्ले परत करण्यास सांगितले; हा प्रसंग सुनन अबू दाऊदमध्ये आहे. आता आपल्या गल्लीतला नायलॉनचा मांजा आठवा. नाल्यात फेकलेली पिशवी आठवा. ती वाहत खाडीत जाते आणि तिवरांच्या श्वसनमुळांना गुंडाळून बसते. गटारावर महापालिकेला बोल लावणे सोपे आहे, आणि बरेचदा योग्यही आहे. पण पिशवी कोणाच्या हातून सुटली, हा प्रश्न उरतोच.

सहकुटुंब जायचे असल्यास ओहोटीची वेळ आधी पाहावी. भरतीत पक्षी दूर सरकतात. असरची नमाज अदा करून निघावे. मुलांना दगड मारू देऊ नये, टाळ्या वाजवून थवा उडवू देऊ नये. चरण्यात खंड पडतो. खाऊची वेष्टने पिशवीत भरून घरी आणावीत आणि मगरिबच्या जमाअतीपूर्वी परतता येईल एवढा अवधी राखावा.