भूगर्भाचा नकाशा व आपली विहीर

वालूर (ता. सेलू, जि. परभणी) येथें चक्राकार पायऱ्यांची एक जुनी बारव आहे. तिचा घेर गोल असून पायऱ्या वळसा घेत घेत खालीं उतरतात. कित्येक वर्षें ती गाळानें व केरकचऱ्यानें भरलेली होती. अलीकडे गांवकऱ्यांनीं श्रमदान करून ती मोकळी केली. पाहावयास येणारा मनुष्य बांधणीचें कौतुक करून परत जातो. परंतु शेतकऱ्यानें त्या पायऱ्यांकडे आणखी एका दृष्टीनें पाहावें असें आम्हांस वाटतें. पाणी चढलें म्हणजे पायऱ्या बुडतात व उतरलें म्हणजे त्या उघड्या पडतात. अर्थात् बारव ही गांवाच्या पोटांतील पाण्याची मोजपट्टीच होय. जमिनीखालीं पाणी किती आहे, तें कोणत्या थरांत आहे व तें कोणाच्या वाट्याचें आहे, हे तीन प्रश्न सोडविण्यांत कांहीं भूवैज्ञानिकांनीं आपलें सारें आयुष्य वेचलें आहे. त्यांच्या कामाचा परिचय करून देऊन, त्यापासून आपण कोणता धडा घ्यावा हें सांगण्याचें प्रस्तुत लेखांत योजिलें आहे.

पाण्याविषयींचा जुना समज

नवी विहीर किंवा बोअर घ्यावयाचा झाला म्हणजे प्रथम पाणाड्यास बोलाविण्याची चाल आपल्याकडे आहे. हातांत नारळ किंवा दुबेळकें घेऊन तो शेतांत फिरतो व एक जागा दाखवितो. पाणी लागलें तर त्याचा लौकिक वाढतो. न लागलें तर शेतकरी आपल्या नशिबास बोल लावतो. बोअरच्या यंत्राचा दर फुटावर असतो, व भोक कोरडें गेलें तरी पैसे द्यावेच लागतात. ते बहुधा कर्जाचे असतात. एक बोअर कोरडा गेला कीं दुसरा, दुसरा गेला कीं आणखी खोल, असें करतां करतां चांगला सुखवस्तु कुणबी कर्जांत बुडाल्याचीं उदाहरणें गांवोगांव आहेत.

यांत चूक कोठें होते? जमिनीखालीं पाणी शरीरांतील नाड्यांप्रमाणें शिरांतून वाहतें व नेमकी शीर सांपडली कीं काम झालें, हा समज चुकीच्या मुळाशीं आहे. समज फार जुना आहे. सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें ‘बृहत्संहितें’त भूमिगत पाण्यावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिलें असून त्यांतहि शिरांचेंच वर्णन आहे. झाडें, वारुळें, मातीचा रंग यांवरून पाण्याचा अदमास घेण्याची त्याची दृष्टि निरीक्षणाची होती, हें मान्य केलें पाहिजे. परंतु आपल्या काळ्या पाषाणाच्या मुलखांत पाणी शिरांत नसून थरांत असतें, आणि थर हे एका शेतापुरते कधींच नसतात.

आपल्या पायाखालचे थर

महाराष्ट्राचा चार पंचमांशांहून अधिक भाग काळ्या पाषाणानें व्यापिलेला आहे. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं भूमीच्या भेगांतून तप्त रस बाहेर येऊन पसरला व थिजला. त्यावर पुन्हा दुसरा रस आला. अशा रीतीनें पोळीवर पोळी रचावी तसे हे थर एकावर एक बसले आहेत. त्यांची एकंदर जाडी सर्वत्र सारखी नाहीं. १९९३ च्या भूकंपानंतर मराठवाड्यांतच किल्लारी येथें जें संशोधनाचें भोक घेण्यांत आलें, त्यांत ३३८ मीटर काळा पाषाण ओलांडल्यावर त्याचा तळ लागला. सह्याद्रीकडे ही जाडी याच्या कित्येक पट आहे.

प्रत्येक थराचे साधारणतः दोन भाग असतात. खालचा भाग घट्ट, जड व काळाभोर. यांत उभ्या भेगा असतील तरच पाणी शिरतें. वरचा भाग थिजतांना वायूचे बुडबुडे राहिल्यामुळें छिद्राळ झालेला असतो. त्या छिद्रांत पुष्कळदां पांढरी गार भरलेली दिसते. हा मांजऱ्या खडक लवकर कुजतो व त्यांत आडव्या भेगा पडतात. दोन थरांच्या मध्यें कांहीं ठिकाणीं तांबड्या मातीचा पट्टा लागतो. तो चिकण असल्यानें बहुधा पाण्यास खालीं जाऊं देत नाहीं. विहीर खणतांना हे सर्व भाग आपण डोळ्यांनीं पाहतों, परंतु त्यांची नोंद ठेवीत नाहीं. ज्या कुजक्या व भेगाळ खडकांत पाणी सांचतें व ज्यांतून तें वाहूं शकतें, त्यास शास्त्रांत ‘जलधर’ असें नांव आहे.

दोन पिढ्यांचें काम

या खडकांतील पाण्याचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्यांत पुणें विद्यापीठांतील प्राध्यापक एस. बी. देवळाणकर यांचें नांव अग्रभागीं आहे. काळ्या पाषाणाच्या निरनिराळ्या प्रकारांत पाणी किती मावतें व त्यांपैकीं किती निघतें, यावर त्यांनीं १९८० सालीं प्रसिद्ध केलेला निबंध आजहि आधारभूत मानला जातो. त्यांच्यासमवेत काम केलेले डॉ. हिमांशु कुलकर्णी यांनीं हाच अभ्यास पुढें नेला. १९९८ सालीं त्यांनीं सहकाऱ्यांसह पुण्यास ‘अ‍ॅक्वाडॅम’ ही भूजलाच्या अभ्यासाची व शिक्षणाची संस्था स्थापिली. २००० सालीं देवळाणकर व इतर सहकारी यांच्यासह त्यांनीं दख्खनच्या पाषाणांतील भूजलाच्या रचनेचें सविस्तर विवेचन प्रसिद्ध केलें. पुढें बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या वेळीं भूजलविषयक कार्यगटाचें अध्यक्षपदहि त्यांजकडे आलें.

या कामाचा विशेष हा कीं, शास्त्रज्ञानें नकाशा काढून तो कपाटांत ठेवावा असें न मानतां, गांवकऱ्यांनीं तो वाचावा व त्यावरून आपसांत नियम करावे, असा आग्रह त्यांत आहे. सातारा जिल्ह्यांतील रणदुल्लाबाद (ता. कोरेगांव) येथें या संस्थेनें गांवाखालील थरांचा अभ्यास केला. शेतीसाठीं बोअर घ्यावयाचा नाहीं, विहिरींवरच भागवावयाचें, असा त्या गांवाचा निर्धार आहे. अहमदनगर (हल्लीं अहिल्यानगर) जिल्ह्यांतील हिवरे बाजारनेंहि शेतीच्या बोअरला बंदी करून, दरवर्षीं पाण्याचा ताळेबंद मांडून पिकें ठरविण्याची प्रथा पाडली आहे.

नकाशा कसा तयार होतो

भूवैज्ञानिकाचें पहिलें साधन म्हणजे त्याचे पाय. तो नाल्यांच्या दरडी, डोंगराचे उतार व खाणी हिंडून पाहतो आणि कोणता थर किती उंचीवर उघडा पडला आहे हें टिपून ठेवतो. थर बहुतेक आडवे असल्यामुळें एका दरडींत दिसलेला तांबडा पट्टा मैलभर अंतरावरील विहिरींत किती खोलीवर लागेल, याचा अदमास यावरून बांधतां येतो.

दुसरें काम विहिरींच्या खानेसुमारीचें. प्रत्येक विहिरीची खोली, रुंदी, कांठाची उंची, खणतांना लागलेले थर, आणि उन्हाळ्याअखेर व पावसाळ्यानंतर पाण्याची पातळी यांची नोंद होते. सारख्या पातळीच्या विहिरी नकाशावर रेषेनें जोडल्या म्हणजे पाण्याचा उतार कोणीकडे आहे हें स्पष्ट दिसतें. तिसरें काम उपशाच्या परीक्षेचें: ठराविक वेळ पंप चालवून पाणी किती उतरलें व तें पुन्हा चढावयास किती तास लागले हें मोजतात. जमिनींत वीज सोडून खडकाचा विरोध मोजण्याचें यंत्रहि वापरतात. परंतु पहिल्या दोन कामांवांचून त्या यंत्राचे आंकडे आंधळे होत.

या सर्वांवरून गांवाखालीं किती जलधर आहेत, पाऊस कोठें मुरतो व पाणी कोठें बाहेर पडतें, हें कळतें. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा १९७१ सालीं स्थापन झाली असून तिनें महाराष्ट्राचे सुमारें दीड हजार पाणलोट पाडले आहेत. केंद्रीय भूजल मंडळानेंहि २०१२ पासून देशभर जलधरांचे नकाशे काढण्याचें काम हातीं घेतलें. परंतु गांवाच्या शिवाराचा बारीक नकाशा गांवकऱ्यांच्या नोंदींवांचून पुरा होत नाहीं.

थोडा हिशेब

आतां जमाखर्च पाहूं. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. त्याखालीं कुजका व भेगाळ खडक १० मीटर जाडीचा असून तो पाण्यानें पूर्ण भरला आहे असें धरूं. खडकाचें घनफळ १ लक्ष घनमीटर झालें. सरकारी अंदाजपद्धतींत अशा खडकांतून निघणारें पाणी शेंकडा २ च्या आसपास धरतात. घट्ट पाषाणास तें शेंकडा अर्ध्याहूनहि कमी, तर नदीकांठच्या वालुकामय गाळास शेंकडा १६ आहे. म्हणजे आपल्या हेक्टराखालीं २,००० घनमीटर पाणी निघण्याजोगें आहे. तें शेतावर पसरलें तर २०० मिलिमीटर होईल. एका पाळीस ५० मिलिमीटर धरल्यास अवघ्या चार पाळ्या!

ही झाली शिल्लक. वर्षाची मिळकत याहून लहान आहे. ८०० मिलिमीटर पाऊस पडला व त्याचा दहावा हिस्सा जलधरांत मुरला असें धरिलें, तर ती ८० मिलिमीटर, म्हणजे दोन पाळ्यांहूनहि कमी भरते. पावसाशिवाय उसास वर्षांत १,००० मिलिमीटर पाणी विहिरीचें दिलें, तर एका हेक्टर उसापायीं साडेबारा हेक्टरांची मिळकत खर्च होते. कालव्याचा पाझर, बंधारे यांची भर अर्थात् वेगळी. तरी पण आपण आपल्या विहिरीचें पाणी आपलें म्हणून उपसतों, तेव्हां तें बहुतांशीं शेजाऱ्याच्या शेतांत मुरलेलें असतें, हें या हिशेबावरून कोणाच्याहि ध्यानांत येईल.

खोल जाण्यानें काय होतें

वरचा जलधर आटला म्हणजे खोल बोअर घेण्याकडे ओढ असते. खोल भेगांतील पाणी हळूहळू सांचलेलें असतें. प्रथम तें जोरानें येतें, पुढें धार बारीक होते. शिवाय बोअरचें भोक तांबडा पट्टा व घट्ट पाषाण भेदून जातें व वरच्या थरांत योग्य बंदोबस्त नसल्यास वरचें पाणी त्याच भोकांतून खालीं गळूं लागतें. त्यामुळें शेजारची सात-आठ परसांची विहीर, जीवर एखाद्या कुटुंबाचें पिण्याचें पाणी व रब्बीचें पीक अवलंबून असतें, ती कोरडी पडते. दोष कोणाचा हें त्या दोघांसहि कळत नाहीं. मनें मात्र दुरावतात. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ यांत ६० मीटर व त्याहून खोल विहिरींवर जें बंधन घातलें आहे, त्याचें कारण यावरून समजावें.

एका ठिकाणचा उपाय दुसरीकडे जसाच्या तसा उचलूं नये, हेंहि नकाशाच शिकवितो. धुळें जिल्ह्यांतील शिरपूर तालुक्यांत भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखालीं २००४ पासून नाले खोल व रुंद करून पाणी अडविण्याचें मोठें काम झालें. तेथें तापीकांठच्या जाड गाळांत चिकण मातीचे थर पाणी मुरूं देत नाहींत; ते भेदणें तेथें सयुक्तिक होतें. आपल्या पाषाणाच्या मुलखांत विचार न करितां नाला खोल केला, तर पाणी धरणारा मांजऱ्या थरच कापला जाऊन कांठच्या विहिरींचें पाणी नाल्यांत झिरपून जाण्याचा संभव असतो.

गांवानें काय करावें

यासाठीं मोठ्या खर्चाची गरज नाहीं. पुढील चार गोष्टी कोणत्याहि गांवास करतां येतील.

१. नवी विहीर खणतांना किंवा बोअर घेतांना दर थराची खोली, रंग व नमुना यांची नोंद करावी. कोरड्या गेलेल्या बोअरची नोंद तर अवश्य करावी. तिच्यावर पैसे खर्च झालेलेच आहेत, निदान शेजाऱ्याचे तरी वांचतील.

२. शिवारांतील निवडक विहिरींची पातळी पोळा, दसरा, संक्रांत, पाडवा व अक्षय्य तृतीया या पांच दिवशीं फितीनें मोजून वहींत लिहावी.

३. त्या वह्या घेऊन जिल्ह्याच्या भूजल कार्यालयांतील भूवैज्ञानिकांस भेटावें व शिवाराचा नकाशा समजावून घ्यावा. जागा निवडणें ही पुढची पायरी होय.

४. दसऱ्याच्या पातळीवरून रब्बींत किती क्षेत्र भिजेल हें ग्रामसभेंत ठरवावें, व पिण्याचें पाणी आधीं राखून ठेवावें.

वालूरकरांस फितीचीहि आवश्यकता नाहीं. या दसऱ्यास बारवेच्या उघड्या पायऱ्या मोजून तो आंकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा. पाडव्यास पुन्हा मोजून त्याखालीं लिहावा. दोन आंकड्यांतील वजाबाकी शाळेंतील मुलगाहि करील. असे पांच-सात वर्षांचे आंकडे जमले म्हणजे, नवा बोअर घेण्यापूर्वीं कर्ज काढावें कीं नाहीं, याचा विचार करण्यास शेतकऱ्याजवळ नारळाहून अधिक भरंवशाचें साधन असेल.