दाढेच्या मुळातले छिद्र आणि ते बुजवणारी सिमेंटे

तेलीबांधा, रायपूर



रूट कॅनाल करताना दाढेला नको तिथे छिद्र पडते ते बहुधा दोन जागी. कॅनालची तोंडे शोधताना बर पल्प चेंबरच्या तळातून थेट मुळांच्या फाट्यात उतरतो. किंवा खालच्या पहिल्या दाढेच्या पुढच्या मुळातून, फाट्याकडची पातळ भिंत फोडून फाइल बाहेर येते. एकाएकी आलेले रक्त ही पहिली खूण, आणि अपेक्स लोकेटर तिची खात्री करून देतो. छिद्र लहान, ताजे आणि हाडाच्या कडेपासून लांब असेल तर दाढ वाचण्याची आशा मोठी. फाट्यातले छिद्र हिरडीला जवळ असते, जंतू तिथे लवकर पोहोचतात. म्हणून ते शक्यतो त्याच बैठकीत बुजवावे. सिमेंट कोणते, हा प्रश्न त्यानंतरचा.

पूर्वी अमाल्गम, झिंक ऑक्साइड-युजेनॉलची सिमेंटे आणि पुढे ग्लास आयनोमर वापरत. भोक बंद होई, पण रक्ताने व लाळेने ओल्या जागी पक्का बसणारा आणि भोवतालच्या ऊतींना मानवणारा पदार्थ त्यांत नव्हता. १९९३ साली कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा विद्यापीठातल्या महमूद तोराबिनेजाद यांच्या गटाने एमटीए (मिनरल ट्रायऑक्साइड अ‍ॅग्रिगेट) पुढे आणले. त्याचा मुख्य घटक म्हणजे पोर्टलँड सिमेंटच, बलौदाबाजार-भाटापारा भागातल्या कारखान्यांत चुनखडीपासून बनते त्याच जातीचे; एक्स-रेमध्ये दिसावे म्हणून त्यात बिस्मथ ऑक्साइड मिसळलेले. मात्र बांधकामाच्या सिमेंटाची शुद्धता आणि कणांचा आकार तोंडासाठी तपासलेला नसतो. स्वस्त पडते म्हणून ते दाढेत भरणे सर्वथा अयोग्य.

एमटीए ओलाव्यातच घट्ट होते. त्यातून कॅल्शियम हायड्रॉक्साइड सुटते, पीएच साडेबारापर्यंत चढतो आणि त्यावर सिमेंटम पुन्हा वाढू शकते. एवढा जुना अनुभव या नव्या सिमेंटांतल्या दुसऱ्या कोणत्याही पदार्थाच्या पाठीशी नाही. अडचण हाताळणीची. मूळ एमटीए वाळूसारखे सुटते आणि घट्ट व्हायला पावणेतीन तास घेते, म्हणून वर ओला कापूस ठेवून रुग्णाला पुन्हा बोलवावे लागते. बिस्मथमुळे दात काळवंडतो. दाढेत ते खपते, पुढच्या दातांत नाही.

सेप्टोडॉन्ट कंपनीचे बायोडेंटिन हे सिमेंट सुमारे बारा मिनिटांत घट्ट होते, कारण त्याच्या द्रवात कॅल्शियम क्लोराइड असते. ताकद डेंटिनच्या जवळपास, डाग नगण्य. पण झिर्कोनियममुळे एक्स-रेमध्ये ते फिके दिसते आणि छिद्र नीट भरले की नाही हे ठरवणे कठीण जाते. तयार बायोसिरॅमिक पुटी हाताळायला सर्वांत सोपी, पण महाग, आणि तिला घट्ट होण्यासाठी ऊतींतला ओलावा लागतो.

गावाकडून रायपूरला आलेला रुग्ण दुसऱ्या बैठकीला येईलच असे नसते. अशा वेळी फाट्यातल्या छिद्रासाठी बायोडेंटिन उजवे. ग्लास आयनोमर वरच्या थरापुरतेच ठेवावे.

भरण्याआधी सलाईनने धुऊन, दाब देऊन रक्त थांबवावे. छिद्रातून हायपोक्लोराइट बाहेर ढकलले गेले तर हाड व ऊती भाजतात. तिथे पिचकारीचा जोर अजिबात नको. छिद्र मोठे असेल तर सिमेंट हाडात जाऊ नये म्हणून आधी कोलॅजनचा आधार द्यावा. सिमेंट कॅनालमध्ये शिरू नये यासाठी त्यांची तोंडे आधीच शोधून झाकावीत. रुग्णाला छिद्र पडल्याचे त्याच दिवशी स्पष्ट सांगून केसपेपरवर नोंदवावे आणि सहा महिन्यांनी, वर्षाने एक्स-रे काढून फाट्यातले हाड पाहावे.

– मामा